अमेरिकेची मतमोजणी आणि आमचे बाबा

टीव्हीवर अमेरिकेचा लाल-निळा नकाशा दिसला, की मला अजून आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, आठवतात. लग्नानंतर महिनाभरात मी नेदरलँड्समधल्या न्यूनेनला आले आणि लगेच लॉकडाऊन लागला. माझा नवरा मंदार रोज ठाण्याला व्हिडिओ कॉल लावायचा, "बाबा, मुग्धाशी बोला" म्हणत फोन माझ्या हातात द्यायचा आणि पसार व्हायचा.

"जेवलीस?"

"हो."

"करमतंय ना?"

"हो."

मग बाबा पंख्याकडे बघायचे आणि मी भिंतीकडे.

नोव्हेंबरात अमेरिकेच्या निवडणुकीने आम्हाला वाचवलं.

"अगं, हा निवेदक तीन दिवस 'थोड्याच वेळात निकाल' म्हणून ओरडतोय! इथे ठाण्यात नळाला पाणी नाही आणि हा मला पेनसिल्व्हेनियातली मतं मोजून दाखवतोय. तुमचे डच काय म्हणतात?"

"पाच मिनिटं अमेरिका, बाबा. मग हवामान."

"ओरडत नाहीत?"

"अजिबात नाही."

"मग लोकांना कळतं कसं, की बातमी मोठी आहे?"

मी त्यांच्यासाठी रोज डच बातम्या बघायला लागले. भाषा कळायची नाही, पण निवेदिका किती शांत होती, ते सांगता यायचं.

शेवटी निकाल लागला. आता उद्या बोलायचं कशावर?

दुसऱ्या दिवशी बाबांचा टीव्ही बंद होता. त्यांनी घसा खाकरला.

"आज अमेरिकेत काही विशेष नाही. तुझंच सांग. खरंच करमतं का गं तिथे?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी "हो" म्हणाले नाही.