पान सतरा

...आणि वर मलाच विचारतात, तुमच्या वर्गात पान सतरा सगळ्यांचं एक का नाही? आता तुम्हाला सांगतो, कागदाचं पान छापखान्यात ठरतं, एकदा ठरलं की ठरलं. पण टॅबवरच्या पुस्तकाचं तसं आहे का? अक्षर मोठं केलं की पानावर शब्द कमी मावतात, उरलेले पुढच्या पानावर, तिथले त्याच्या पुढच्या, असं करत करत नव्वद पानांचं पुस्तक फुगून तीनशेचं होतं... पण मजकूर तोच! हे मी आमच्या प्राचार्यांना चार वेळा सांगितलं. चारही तारखा वहीत आहेत.

वहीत सगळंच आहे म्हणा. मी हे कुठे जाऊन शिकलो नाही. बटणं दाबली, बिघडवलं, पुन्हा जुळवलं, आणि दर वेळी काय दाबलं ते लिहून ठेवलं. म्हणून तर मोठ्या माणसांचा वाचनवर्ग माझ्या गळ्यात आला. एकवीस जण, सगळे कामावरून येणारे. रंगकाम करणाऱ्याला पांढऱ्या पानाचा त्रास, त्याला पिवळसर पान दिलं. बसच्या वाहकाला टॅब आडवा लागतो. गवंडीदादाला दोन ओळींत बोटभर जागा हवी. ज्याचं त्याचं पान मी बसवून दिलं, आणि मग त्यांचं त्यांना बसवायला शिकवलं. त्याला म्हणे शिस्त नाही!

आणि मावशी. कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर आहेत, वय छप्पन्न, परीक्षेत दोनदा नापास. का? तर ओळ संपली की डोळे खाली येतात ते पुन्हा त्याच ओळीवर. लोक म्हणायचे, डोकं चालत नाही. मी काय केलं, समास दोन्हीकडून आत ओढले, ओळीत चारच शब्द ठेवले, ओळी एकमेकींपासून लांब केल्या. मावशी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो मास्तर, शिवताना कापडाच्या कडेला माया सोडतो तसंच की हे." दोन महिन्यांत अशा वाचायला लागल्या, की बाक सोडून उठेनात. ही तिसरी खेप शेवटची. प्रमाणपत्र मिळालं तर कारखान्यात देखरेखीवर जाणार, नाहीतर यांनीच सुई धरायला शिकवलेली पोरगी यांच्यावर साहेबीण होणार. ती पोरगी स्वभावानं चांगली आहे हो, पण तरी.

परीक्षा घ्यायला बसले कोण? प्राचार्य. फर्मान काय, तर पान सतरा उघडा आणि पहिल्यापासून वाचा. मावशींनी उघडलं. त्यांच्या पान सतरावर अजून प्रस्तावनाच चाललेली, कुणाकुणाचे आभार मानणं चाललंय! प्राचार्य म्हणे हे पुस्तकच वेगळं आहे, ही फसवणूक आहे, अन् याच्याआधी काय काय चाललं असेल देव जाणे. मी म्हटलं, मजकूर तोच. ते म्हणे, माझ्याकडे दिसतंय तसं हिच्याकडे दिसलंच पाहिजे. आणि माझ्यासमोर शिपायाकडून टॅब पूर्ववत करून घेतला! तीच ती मुंग्यांची रांग. मावशींनी पहिली ओळ वाचली, मग पुन्हा पहिली, मग पुन्हा पहिली... प्राचार्यांनी पेन उचललं.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तर सरळ पुढे गेलो, टॅब घेतला, समास ओढले, अक्षर वाढवलं, ओळी सोडल्या. प्राचार्य म्हणत होते, जागेवर बसा, हा परीक्षेतला हस्तक्षेप आहे, याची नोंद होईल. म्हटलं, करा, मीही करतोय. त्यांच्या पान सतराचे पहिले तीन शब्द शोधले, ते मावशींच्या पान एकसष्टला निघाले. टॅब त्यांच्या हातात दिला.

"वाचा मावशी. तुमच्या पानावरून."

वाचलं हो! दोन पानं त्यांची, अर्धं पान प्राचार्यांचं. एक शब्द चुकला नाही. प्राचार्य आपल्या टॅबवर बोट ठेवून जुळवत होते, शेवटचा शब्दही जुळला. करतात काय? उत्तीर्ण असं लिहावं लागलं. लिहिताना तोंड असं, की जणू दाढ काढतायत.

पण माझ्यावर पत्र आलंच. पुढच्या महिन्यापासून सर्वांची पानं एकसारखी करून कुलूपबंद का करू नयेत, आणि हा वर्ग तुमच्याकडून का काढून घेऊ नये, याचा खुलासा टॅबवर पाठवा, एका पानात. खुलासा वाचल्याशिवाय निर्णय होणार नाही.

एका पानात? हरकत नाही. वहीतल्या चार वर्षांच्या सगळ्या नोंदी घेतल्या, अक्षर होईल तितकं बारीक केलं, समास काढून टाकले, ओळी एकमेकींना चिकटवल्या. बरोबर एक पान! तारखेसकट!

शिपाई सांगत होता, साहेब तीन दिवस टॅब खिडकीशी नेतायत, चष्मा काढतायत, घालतायत. दोन बोटांनी पान ताणायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आज दुपारी स्वतः वर्गाच्या दारात उभे. म्हणाले, "हे जरा मोठं कसं करायचं?"

आता दाखवलं की खुलासा वाचतील, आणि वाचला की निर्णय होऊन वर्ग जाणार, हे मला कळत नाही का? कळतं. पण माणूस टॅब घेऊन दारात आला, समोरची ओळ त्याला वाचता येत नाही म्हणतो... काय करता? बसवलं बाकावर. बाविसावा.