उंबऱ्यापुढं कोलम नव्हता

सहा चाळीसला—सकाळी सहा चाळीसला, दूधवाला नुकता गेला होता—तेव्हा सुरू झालं हे, श्रीकरराव, आणि तुम्ही मला विचारता कॉफी मिळेल का? मिळेल. आधी ऐका. बसा तिथंच, थिण्णैवर, ओट्यावर—आत यायचं नाही. मी गॅसपुढं होते, तर मागच्या दारातनं चार माणसं शिरली—कॅमेरे, पाठीला पिशव्या—हाक नाही, काही नाही. का मारतील हाक? त्यांच्या फोनवर तुम्हीच लिहून ठेवलंय ना! एकानं वाचून दाखवलं: वैद्यनाथपंत, मराठे राजांच्या दरबारचे वैद्य, राजवाड्यामागची गल्ली, औषधाची विहीर अजून आहे, घरात सध्या कोणी राहत नाही. खाली तुमचा नंबर होता म्हणून बरं—केला फोन, आलात धावत. मोठ्या माणसांच्या, जुन्या जागांच्या अशा शेकडो नोंदी म्हणे तुमच्या. असतील! विहिरीवरची फळी त्यांनी फोटोसाठी सरकवली आणि तशीच टाकून पुढं गेले. मी बाहेर येते तर माझी नंदिता—तीन वर्षंही पुरी नाहीत—काठावर पालथी, अर्धी आत! ओरडले नाही मी. दचकली असती. पाय धरला आणि ओढली.

कोणी राहत नाही—कुठनं काढलंत? तुम्ही आलात तेव्हा दार बंद होतं... बरं. आणि? उंबऱ्यापुढं कोलम नव्हता, पिठाची रांगोळी नव्हती? म्हणून? अहो, तुमची आई याच गल्लीतली ना? श्राद्धाच्या दिवशी दारात पीठ टाकत नाहीत, एवढंही चेन्नईला जाऊन विसरलात? त्या दिवशी श्राद्धच होतं, सगळी मागं होतो आम्ही, भटजी होते, दीर पिंडाला बसले होते—एक हाक मारली असती तर जेवूनच गेला असता! अं? कुणाचं? सासऱ्यांचं. म्हणजे—तुम्हाला काय करायचंय? नाही, सासरे आहेत, तिरुवैयारूला, दिराकडं. ह्यांचं होतं. पहिलं वर्षश्राद्ध. झालं? लिहा तेही!

सातवी शिकलेय मी, तीही तमिळमधनं, तुमची मराठी अक्षरं मला वाचता येत नाहीत—पण कोणी राहत नाही म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. सासरेही तेच म्हणतात—कुलूप लावू, तू जा माहेरी, घरात आहे कोण आता? मी उभी असते समोर, पोरगी कडेवर, आणि घरात आहे कोण! आता तुम्हीही म्हणालात, सगळ्या जगाला दिसेल असं. आणि ती काठावर काय करत होती, ठाऊक आहे? अप्पा, अप्पा म्हणून बापाला हाका मारत होती. विहीर परत हाक देते ना—तिला वाटलं...

राहू द्या. कॉफी केलेलीच नाही मी. उठा. पाय—पाय सांभाळा, कोलमवर पडेल! रोज काढते मी, बघा, आता पार रस्त्यापर्यंत काढते. ती ओळ इथंच खोडा, माझ्यासमोर. आणि ज्यांनी ज्यांनी वाचली त्या सगळ्यांना कळवा—वैद्यांच्या घरात माणसं राहतात. दोघी. हाक मारून या म्हणावं.