सापाला फुटलेले पाय

मंडळी, एक प्रश्न! माणसाला 'चुकलो' म्हणायला किती वेळ लागतो? — घड्याळ नका बघू हो, आरतीला अवकाश आहे! — एक श्वास, बस्स! मग आमच्या एका बुवांना पाऊण तास का लागला? ऐका!

बुवांचं नाव राहू दे. अंगरखा माझ्यासारखा, पोटही माझ्याएवढंच! त्यांच्या पेटीला तीस वर्षं अनंता लोवलेकर. बुवांचा सूर घसरला की अनंता हळूच सावरून घ्यायचा. लोक म्हणायचे, वा, बुवा काय गातात! बुवांनाही ते खरं वाटायचं!

एकदा भर कीर्तनात सूर गेला बुवांचा — आणि बुवा म्हणाले काय? "आमची पेटी आज पेंगतेय वाटतं!" सभा हसली. अनंता नाही हसला. पेटी उचलून घरी गेला तो वर्षभर फिरकला नाही. उत्सव आला तोंडावर, आणि पेटीला कुणी नाही!

बुवांची पुतणी सुरुची पुण्यात चिनी भाषा शिकवते. ती म्हणाली, "काका, चिनी वाक्प्रचारात चार अक्षरांत अख्खी गोष्ट मावते. 'साप काढून पाय जोडणे'! सापाचं चित्र काढायची पैज लागली. एकाचा साप सगळ्यांच्या आधी झाला. वेळ उरला म्हणून त्यानं सापाला पाय काढले — आणि पैज हरला! अर्थ काय, तर पुरं झालेलं काम वाढवून बिघडवणं. अनंताकाकांना म्हणा, 'चुकलो, ये.' आणि गप्प बसा."

गप्प बसा! कुणाला सांगते? कीर्तनकाराला!

बुवा गेले. अनंता ओटीवर सुपारी कातरत होता. "अनंता, चुकलो. ये." अडकित्ता थांबला. अनंताचे डोळे भरले. आत गेला, पेटी घेऊन आला, खोळ काढू लागला...

साप झाला की हो, मंडळी! उठायचं! पण समोर श्रोता दिसल्यावर बुवा उठतील? "तर अनंता, क्षमा म्हणजे काय?" — झाला पूर्वरंग सुरू! मग साप सांगितला, त्याचे पाय सांगितले, पायांचा अर्थ सांगितला! पाऊण तासानं अनंतानं जांभई दिली. बुवा भडकले. "याला चीनमध्ये 'गाईपुढे वीणा वाजवणे' म्हणतात! म्हणजे ज्याला कळत नाही त्याच्यापुढे —"

"म्हणजे मी गाय?" अनंता म्हणाला. आणि खोळ परत चढवली.

अर्थ तोंडपाठ होता हो बुवांना! दोन्हींचा!

हसताय? घरी सूनबाईला 'चुकलं माझं' म्हणता, आणि लगेच 'पण तूसुद्धा...' — बघा, फुटले पाय! नवरा, भाऊ, शेजारी, कुणाकुणाचे साप पळताहेत ते आठवा जरा.

तो बुवा मीच. आजचा माझा सूर ऐकून तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. देवळाची पेटी इथं डावीकडे तशीच ठेवलीय, आणि अनंता तिकडे मागे, खांबाला टेकून बसलाय. मला तो हवा आहे हो. नुसत्या सुरासाठी नाही.

अनंता, चुकलो. ये.