डावीकडनं चला, जावईबापू!

नाही, हसा, हसा तुम्ही, तुमचं काय जातंय! तुमच्या घरात बेडरूमपासून बाथरूमपर्यंत जायला वाहतुकीचे नियम नाहीत ना? आमच्याकडे आहेत! डावी बाजू सोडायची नाही, अखंड रेघ ओलांडायची नाही, वळणावर ओव्हरटेक करायचं नाही... आणि हे सगळं कुठे? तर सासऱ्यांच्या घरातल्या पॅसेजमध्ये! दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यावं लागतं एवढा तो पॅसेज, आणि त्याच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ! तुम्हाला सांगतो, रस्ता परवडला हो, पण हा पॅसेज नको!

आता आमचे सासरे म्हणजे कोण? गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेणारे साहेब! रिटायर झाले, पण परीक्षा घ्यायची सवय काही रिटायर झाली नाही. हयातभर शेजारच्या सीटवर बसून लोकांना नापास केलं. अर्ध्या गावाचा त्यांच्यावर राग आहे आणि उरलेलं अर्धं गाव पायी चालतंय. अहो, खुद्द सासूबाईंना नापास केलं! लग्नाआधी हं. त्या परीक्षेला आल्या, पुढच्या ट्रकला झक्कपैकी ओव्हरटेक केलं, पण हात बाहेर काढून सिग्नल दिला नाही... झालं, नापास! आणि मग त्याच बाईला लग्नाचं विचारलं! हिंमत बघा माणसाची! सासूबाई अजून म्हणतात, "मी हो म्हटलं ते पुढच्या वेळी पास करतील म्हणून. कसलं काय!"

तर झालं काय, की सासूबाई पॅसेजमध्ये पडल्या. फ्रिजपाशी वळण आहे, पलीकडचं काही दिसत नाही. त्या बिचाऱ्या धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आपल्या कडेकडेनं येतायत, आणि समोरून कुणीतरी पेपर वाचत वाचत, चांगलं मधोमध... धाडकन! खुब्याचं हाड मोडलं. आता तो कुणीतरी कोण, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. पण पेपर घरात एकच माणूस वाचतो.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं, मी आणि बायको चार दिवस मदतीला म्हणून तिकडे राहायला गेलो... ते अजून तिथेच आहोत, तो विषय वेगळा. पण सासूबाई खोलीच्या बाहेर पाऊल टाकेनात! खोलीत वॉकर धरून चालायच्या, आणि उंबऱ्याशी आल्या की वॉकर मागे वळवायच्या. "नको गं बाई. पॅसेजमधनं कुणी आलं आणि धडकलं तर?" व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "पाय ठीक आहे हो त्यांचा, मनात भीती बसलीय. आत्ता चालल्या नाहीत तर मग कायमच्या खाटेवर." बायको माझी रडायला लागली. मेव्हणा, म्हणजे हिचा भाऊ, व्यायामशाळेत शिकवतो, हा आडदांड, तो म्हणतो, "मी आईला रोज उचलून नेईन!" सासूबाई आतनं ओरडल्या, "मी काय गादी आहे का रे?" सासरे? उठले, चपला घातल्या, बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वासानं उठलो. बघतो तर सासरे गुडघ्यांवर, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावलेली, मध्ये ब्रश चाललाय! मी म्हटलं, "अहो, हे काय?" तर मान वर न करता, "वाहतुकीला शिस्त लावतोय." आणि फ्रिजच्या कोपऱ्यावर भिंतीला काय ठोकलं असेल? माझा दाढीचा आरसा! वळणापलीकडची रहदारी दिसावी म्हणून! तेव्हापासून मी स्टीलच्या ताटात बघून दाढी करतोय, माझा गाल बघा, हा इथे... बघितलात? जावयाला मान असतो म्हणे! मी तसं बोललोही. तर म्हणाले, "अँब्युलन्स, अग्निशमन यांना आधी वाट. जावई त्यात नाही." रस्ता परवडला हो!

पण त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई वॉकर घेऊन उंबऱ्याशी आल्या. रेघेकडे बघितलं. म्हणाल्या, "ह्या रेघेच्या अलीकडे समोरून कुणी येणार नाही ना?"

"आलं तर नापास," सासरे म्हणाले.

बस, एवढंच. आणि सासूबाईंनी वॉकर बाहेर टाकला! माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. नंतर जे सुरू झालं त्यानं वेगळा काटा आला, ते सोडा.

कारण काय, सासूबाई चालायच्या गोगलगायीच्या वेगानं, आणि सगळी रेघ अखंड! म्हणजे ओव्हरटेक बंद! फक्त खिडकीसमोर पॅसेज जरा रुंद आहे, तिथे साहेबांनी रेघ तुटक ठेवली होती. तिथेसुद्धा नियम! पुढचं मोकळं आहे का बघा, आरशात बघा, हॉर्न द्या, उजवा हात काढा, उजवीकडनं जा आणि लगेच परत डावीकडे या. सकाळी मला ऑफिसची घाई, टॉवेल खांद्यावर, पुढे सासूबाई, मागे मेव्हणा, त्याच्यामागे बायको, अशी आमची वरात! सासूबाई मध्येच थांबायच्या, "अगं, त्या तुझ्या मैत्रिणीचं काय झालं?" की गाडी बंद! मैत्रिणीचं सगळं ऐकून झाल्याशिवाय वाहतूक सुरू व्हायची नाही. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला तर दारातच अडवला. "अवजड वाहन! दुपारनंतर!" तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय!

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. ऑफिसात मीटिंग, बाथरूमची निकड, दोन्ही एकदम! फ्रिजच्या वळणावर म्हटलं, जाऊ दे, कोण बघतंय... टाकला पाय रेघेपलीकडे. फुर्रर्र! शिट्टी! हो हो, शिट्टी! सासरे स्वयंपाकघरातून शिट्टी तोंडात धरून बाहेर. "वळण! अखंड रेघ! परत खोलीत जा आणि पहिल्यापासून या!" आणि मी गेलो हो! टॉवेल सावरत परत गेलो! सासूबाई वॉकरवर रेलून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की पडल्यापासून पहिल्यांदाच तसं हसू ऐकलं आम्ही. म्हटलं, हसा.

असं करता करता वॉकर गेला, काठी आली. आणि मग तो रविवार. पुढे सासरे, हातात चहा, त्यांचेही गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे निवांत चाललेत गॅलरीकडे. मागे काठी टेकत सासूबाई. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे मेव्हणा. खिडकी आली. तुटक रेघ आली. आणि सासूबाईंनी मान तिरकी करून लांबूनच माझ्या आरशात बघितलं! मला वाटलं केस बघतायत. तर तोंडानं, "पॉंऽऽ!"

सासरे दचकले. चहा बशीत.

आता सिग्नल द्यायचा तर उजवा हात बाहेर काढायचा, आणि उजव्या हातात तर काठी! तर बाईंनी मागे वळूनसुद्धा न बघता काठी माझ्या हातात दिली. "धरा हो जरा." आणि हात काढला, असा, सरळ, खांद्याच्या रेषेत... आणि निघाल्या! काठी नाही, भिंत नाही, कुणाचा हात नाही! मेव्हण्यानं माझा खांदा असा दाबला की अजून दुखतोय. सासरे डावीकडे भिंतीला चिकटून उभे, कारण नियमच आहे, मागचा पुढे जात असताना आपण वेग वाढवायचा नाही. सासूबाई त्यांच्या बाजूनं गेल्या, पुढे गेल्या, परत डावीकडे आल्या, अगदी पुस्तकात दिल्यासारख्या, आणि थेट गॅलरीत जाऊन कठडा धरून उभ्या राहिल्या. आणि मग वळून म्हणतात कशा,

"काय साहेब? पास की नापास?"

सासऱ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेवटी म्हणाले, "पास. तू तेव्हाही चांगलीच चालवली होतीस गं. चुकीच्या बाजूनं मीच आलो." बायको रडतेय, मेव्हणा रडतोय, मी... माझ्या डोळ्यात दाढीचा साबण गेला होता. बरं, नव्हता गेला!

मग मी संधी साधली. म्हटलं, "चला, आता आई बऱ्या झाल्या, रॉकेल आणतो, रेघा पुसून टाकू!" सासरे लगेच तयार. पण सासूबाई कडाडल्या, "खबरदार! आत्ता कुठे मला पास केलंय आणि रस्ताच काढून टाकता?"

तेव्हापासून हे असं आहे बघा. आता सासूबाई घरातल्या सगळ्यांना ओव्हरटेक करतात, दिवसातून दहादा करतात, काम असो नसो! आणि काठी अजून माझ्याच हातात, पाहुणे मला विचारतात, "कधी पडलात?" रस्ता परवडला हो, रस्त्यावर निदान सासूबाई मागून... ऐकलंत? पॉंऽऽ! आल्या वाटतं. सरका, सरका, तुम्हीपण डावीकडे सरका!