किल्लीच्या आधीचा आवाज

मुलगी : किती दाखवतंय, काका?

मिस्त्री : शून्य. डिझेलच्या दाबाचा काटा जागचा हलला नाही. किल्ली फिरवलीस ना नीट?

मुलगी : तीनदा फिरवली.

मिस्त्री : मग पंप गेला. टाकीतलं डिझेल वर ढकलायला जोरच नाही त्याच्यात. आणि या ट्रकचा पंप आता कुठं मिळत नाही.

मुलगी : फ्यूज बघितला?

मिस्त्री : बघितला.

मुलगी : रिले?

मिस्त्री : वाजतोय. आता मला शिकवू नकोस. तुझ्या बापाला क्लच दाबायला मी शिकवलंय.

मुलगी : शिकवत नाही हो. अकरा वाजलेत. बारा वाजता दादा भंगारवाल्याला घेऊन येतोय. तोवर चालू झाला नाही तर न्या म्हणणार.

मिस्त्री : त्याचंही काय चुकलं? तुझा बाप गेल्यापासून तीन महिने उभा आहे. टायरांखाली गवत माजलंय.

मुलगी : सोमवारपासून डेअरीचे कॅन न्यायचेत. बाबांची फेरी मला दिलीय त्यांनी. ट्रक गेला की फेरीही गेली.

मिस्त्री : तू चालवणार हे धूड?

मुलगी : लायसन्स आहे माझ्याकडे. पंपापर्यंत करंट पोचतोय का, ते बघितलं का तुम्ही?

मिस्त्री : त्याला खाली झोपावं लागतं. माझी कंबर ऐकते का?

मुलगी : टेस्ट लॅम्प द्या इकडे. मी झोपते.

मिस्त्री : घे. टाकीच्या वरच्या अंगाला दोन वायरी आहेत. वहिनी, उन्हात कशाला बसलात? आत जा.

आई : इथंच बरं आहे.

मुलगी : लावला. फिरवा.

मिस्त्री : फिरवली. पेटला?

मुलगी : नाही.

मिस्त्री : पिना घास.

मुलगी : घासल्या. नाही पेटत.

मिस्त्री : अरेच्चा! म्हणजे पंपाचा काही गुन्हा नाही. मी न बघताच फासावर चढवला बिचाऱ्याला. वायर तुटलीय मधे कुठंतरी.

मुलगी : सापडेल?

मिस्त्री : सापडेल, पण केबिनचा तळ उचकटावा लागेल. आजचा दिवस जाईल.

आई : टक झालं नाही.

मुलगी : काय म्हणालीस?

आई : तुम्ही नुसती किल्ली फिरवताय. त्याच्या आधी टक व्हायचं.

मिस्त्री : तो रिले, वहिनी. बॉनेटखाली वाजतो.

आई : तो नव्हे. रोज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचे मी. दार लागायचं. सीट करकरायची. मग टक. मग मागून गुणगुण, मग इंजिन. गाडी वळली की मी परत पांघरूण ओढून घ्यायचे.

मिस्त्री : पोरी, सीटखाली हात घाल. डावीकडं.

मुलगी : फडकं आहे. पाना आहे. बाबांचा चष्मा. आणि... खटका आहे एक. खाली पाडलेला.

मिस्त्री : हात्तिच्या! हा मीच बसवलाय. शेजारच्यांचा ट्रक चोरीला गेला तेव्हा. पंपाची वायर कापून मधे हा घातला. खटका पाडला की चोर बसतो किल्ली फिरवत. कुणाला सांगू नकोस म्हणाला होता तुझा बाप. मी इतकं मनावर घेतलं की माझं मीच विसरलो.

मुलगी : म्हणजे त्या दिवशी पण बाबांनी...

आई : पाडला होता. ऐकलं ना मी. इंजिन थांबलं, टक झालं, दार उघडलं. मी तांब्यात पाणी ओतलं. दार लागल्याचा आवाज आला नाही. मला वाटलं, काहीतरी काढत असतील.

मिस्त्री : वहिनी...

आई : तांब्या भरून ठेवला होता.

मुलगी : काका, वर करू?

मिस्त्री : कर.

(टक. मागून गुणगुण. मग इंजिन.)

मिस्त्री : काटा चढला बघ! कर दादाला फोन. म्हणावं, त्या माणसाला परत पाठव.

मुलगी : करते. आई, ऐकलंस?

आई : ऐकलं.

मुलगी : कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून येते. चल ना.

आई : नको. तू जाऊन ये. मी बसते इथं.

मुलगी : लगेच येते.

आई : सावकाश ये. उतरलीस की दार लाव. जोरात लाव.