छत्तीस वर्षांचे पेन्शनर

अरे, रेगेन्सबर्गला राहून माझं डोकं किती जर्मन झालंय, ते ऐका. चुलतभावाने गावच्या जुन्या खानेसुमारीच्या एका पानाचा फोटो पाठवला. त्यात चक्क आमचे खापरपणजोबा सापडले! धंदा, लष्करी पेन्शनर. वय, छत्तीस.

मी म्हटलं, "हॅ! छत्तिशीत कुठे पेन्शन मिळते? इथे तर सदुसष्टी गाठावी लागते. कारकुनाने आकडे उलटे लिहिलेत. त्रेसष्ट असणार, गेनाऊ, अगदी बरोब्बर!" आणि वंशावळीत त्रेसष्ट लिहूनही टाकलं.

सासरे तीन महिन्यांसाठी आलेत, फौजेतले माजी हवालदार. गवार मोडता मोडता म्हणाले, "खोडा ते. पलटणीत नोकरीची वर्षं भरली किंवा गोळी लागली, की पेन्शन. मी सदतिसाव्या वर्षीच पेन्शनर झालो. पुढे वीस वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा होतो."

"अहो मामा, मग हिच्या बायोडेटात 'वडील निवृत्त' एवढंच का होतं?"

"रकाना एकच होता. आणि मुलगी बघायला आलात तेव्हा तुम्ही मला काय विचारलंत? 'काका, दिवसभर घरी बसून कंटाळा नाही येत?' जावईबापू, त्या दिवशी मी रजा काढून घरी बसलो होतो!"