मृदंगाच्या दुकानाचा अर्ज

लातूर जिल्हा नवा झाला त्या दुष्काळात, स्वयंरोजगाराच्या रांगेत माझ्यापुढं एक नवराबायको उभे होते.

“कावेरे, खडी फोडायचं काम सोडलं अन् दुकान न्हाई चाललं तर?”

“दुकान काढणाऱ्याला सरकार सहा म्हैने मजुरी देतंय न्हवं? तवर मृदंग मढवा, जम बसंल.”

“गिऱ्हाईक म्हंजे भजनी मंडळं. सप्त्याच्या मृदंगाचे पैसे मागायला जीभच रेटत न्हाई.”

“म्हाईत हाय. मागल्या साली तीन फुकट मढवले, वर मंडळींला जेवू घातलं.”

“वाजले किती गोड पण!”

“लई गोड. मी बी रडले की ऐकून.”

कारकून म्हणाले, “पुढचे या. दुकान कुणाच्या नावानं लिहू?”

“माझ्या लिवा, सायेब. मढवतील हे, पैसे मी मागंन.”